पिवळं आलं की थांबायचं

शेवंता बापू खोत, राहणार चंदगड तालुक्यातलं घाटाच्या तोंडावरचं एक गाव. नागपंचमीनंतरच्या मंगळवारी सकाळी सव्वाआठपासून नऊ वाजून वीस मिनिटांपर्यंत, म्हणजे पासष्ट मिनिटं, पाण्यातला क्लोरीन त्यांच्या रक्तात उतरत होता. हा पहिला अन्याय. दुसरा त्यांचे मालक बापू खोत यांच्यावर झाला, पुढच्या सोमवारी दुपारी, कागदावर. दोन्ही करणारे एकच. आणि पहिल्यात माझाही हात होता, हे मी इथंच लिहून टाकते, म्हणजे नंतर कुणी शोधून काढल्याचा आव आणायला नको.

संपादकांनी फोनवर बजावलंय, "अनुभव लिहा. पत्रक नको." काय करू? मी लिहायला शिकले तीच पत्रकांवर. हॉस्टेलच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलं तेव्हा पहिलं पत्रक लिहिलं, एका कागदाच्या दोन्ही बाजूंना, आणि सकाळपर्यंत मेसच्या दारात वाटून मोकळी झाले. तेव्हापासून मला एकच पद्धत येते: कुणाचं नुकसान झालं, कधी झालं, कुणी केलं, आणि आता तुम्ही काय करणार. दिवाळी अंकाच्या वाचकाला फराळ खाताखाता हे जड जाईल. जाऊ दे.

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि घरी डायलिसिसची मशीन बसवणाऱ्या एका कंपनीत लागले. हुद्दा मोठा, 'वॉटर क्वालिटी एक्झिक्युटिव्ह'. काम असं की कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या खोलीतून सकाळी स्कूटरवर निघायचं, पाठीवर पिशवी, पिशवीत कुप्या, गोळ्या, कागदी पट्ट्या आणि बर्फाचा डबा. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांचं पाणी तपासायचं. आई अजूनही लोकांना सांगते, "आमची पोरगी पाणी बघती." लोक विचारतात, "विहिरीचं? नारळ फिरवून?"

घरात मशीन ठेवायचं म्हणजे काय, ते आधी सांगते. तुम्ही-आम्ही दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो. ते पोटात जातं, तिथं त्याची झडती होते, मग मूत्रपिंडं उरलंसुरलं बाहेर काढतात. डायलिसिसवाल्या माणसाची मूत्रपिंडं बंद. म्हणून त्याचं रक्त बाहेर काढून केसासारख्या पोकळ धाग्यांतून फिरवायचं आणि धाग्यांच्या बाहेरून पाणी वाहतं ठेवायचं. रक्तातली घाण धाग्याच्या बारीक भोकांतून पाण्यात येते. पण भोकाला आतबाहेर कळत नाही. ज्या वाटेनं घाण बाहेर येते, त्याच वाटेनं पाण्यातलं जे असेल ते आत जातं. मध्ये पोट नाही, झडती नाही. चार तासांच्या एका बैठकीत शंभराहून जास्त लिटर पाणी माणसाच्या रक्ताला असं घासून जातं.

आता नळाचं पाणी. त्यात क्लोरीन पाहिजेच, नाहीतर गावात जुलाब-उलट्या सुरू होतील. पिणाऱ्याचं तो रक्षण करतो. पण तोच क्लोरीन धाग्यातून रक्तात गेला, की तांबड्या पेशी फुटतात. म्हणून मशीनच्या आधी कोळशाची टाकी असते. कोळसा क्लोरीन धरून ठेवतो. धरता धरता भरतो. भरल्यावर सोडून देतो, आणि भरलो म्हणून ओरडत नाही. म्हणून प्रत्येक वेळी सुई लावायच्या आधी, पाणी पंधरा मिनिटं वाहू देऊन, टाकीतून गाळून आलेलं, पुढच्या नळाचं पाणी तपासायचं. लिटरमागं शून्य पूर्णांक एक मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन असेल तर मशीन लावायचं नाही. एवढंच माझं शास्त्र. एका पत्रकात मावतं.

पण माणसं पत्रकात मावत नाहीत. बावड्यात साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक अण्णा होते. त्यांच्या खिशात पेनाच्या जागी टीडीएस मीटर. पाण्यातले क्षार मोजायचं ते पेन फिल्टर विकणाऱ्यानं त्यांना भेट दिलेलं. अण्णा ते कशातही बुडवायचे. माझ्यासमोर एकदा चहात बुडवलं.

"अण्णा, चहा गार होतोय."

"थांब की. आकडा स्थिर हुंदे."

"तुमच्या मशीनच्या पाण्यात क्लोरीन आलाय. आज बैठक नाही."

"कसा आला? मीटर बारा दाखवतंय. बारा! मिनरल वॉटरला एवढा कमी येत न्हाय."

"हे मीटर क्लोरीन दाखवत नाही."

"मग काय दाखवतंय?"

"मीठ."

अण्णांनी मीटरकडे असं बघितलं, जणू भरवशाच्या माणसानंच मत फिरवलं. त्या दिवशी बैठक थांबली, कोळसा बदलला, आणि अण्णांनी ते पेन नातवाला खेळायला दिलं. फिल्टर विकणारे असली पेनं वाटतच असतात. घराघरांत ती खोटा धीर देत पडलीत. माझा त्या पेनांवर राग आहे आणि तो मी कमी करणार नाही.

कागलला दुसरी तऱ्हा. बंगल्याच्या दारात मालकीणबाईंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग भायेरच्या नळाचं घे की पाणी. पाणी पाणीच."

मी म्हटलं, "काकू, बाहेरच्या नळाचं पाणी गाडी धुवायला जातं. आतलं काकांच्या रक्तात जातं. कुठलं तपासू, तुम्ही सांगा."

आतून काकांचा आवाज आला, "आत घे गं तिला! माझं रक्त गेलं चुलीत, तुझा सोवळा नळ तेवढा जप!"

आत गेले. तपासलं, शून्य आलं. बाईंनी मला पाणी दिलं, वेगळ्या पेल्यात. मी ते प्यायले नाही आणि का प्यायले नाही तेही तोंडावर सांगितलं. पुढं दर महिन्याला त्या घरी गेले. नमुना दर वेळी आतल्या नळाचाच घेतला. पेला काही बदलला नाही आणि मीही नाही.

आता खोतांकडं येते.

शेवंताक्कांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. पावसाळ्यात चंदगडचा तो पट्टा म्हणजे धुकं, पाणी आणि बंद पडलेली एसटी. दोन पावसाळे त्यांनी गडहिंग्लजच्या हेलपाट्यांत काढले, एकदा तर ओढ्यावरून ट्रॅक्टरमध्ये बसून गेल्या. मग जहाजावर नोकरीला असलेल्या मुलानं घरी मशीन घेऊन दिलं. सून रूपाली नर्स. घरात वाटणी ठरली: सुईकडं सून, पाण्याकडं सासरा. कारण बापू खोत गावच्या ग्रामपंचायतीत जन्मभर पाणी सोडणारे. टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ती पांढरी पावडर, टाकायची आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ओटी म्हणजे एका औषधाची बाटली. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं आलं तर क्लोरीन आहे, पाणी प्यायला चांगलं. पिवळं नाही आलं तर क्लोरीन नाही, पाणी धोक्याचं. गावोगावच्या पाणी सोडणाऱ्यांना, आशाताईंना हे झोपेत विचारलं तरी सांगतील. पिवळं चांगलं.

प्रशिक्षण मी दिलं. तास ठरलेला होता दोनचा, मी चाळीस मिनिटांत उरकला. कारण बापूंनी पहिल्याच वाक्याला सांगितलं, "ताई, पाण्याचं मला शिकवू नका. उभ्या गावाला पाजलंय मी." मला माणूस आवडला. कंपनीचा इंग्रजी तक्ता मी भिंतीला चिकटवला. त्यात एक ओळ होती, 'क्लोरीन टेस्ट', आणि पुढं दोन चौकोन: ओके, नॉट ओके. ओके म्हणजे काय, रंग येणं की न येणं, ते त्या तक्त्यावर कुठंच नव्हतं. नाही म्हणजे नाही. क्लोरीन लागला की रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मी दिल्या होत्या आणि तोंडानं सांगितलं होतं, "पट्टी पांढरी राहिली पाहिजे." बापू म्हणाले, "बरं." मी 'प्रशिक्षित' या शब्दापुढं खूण केली.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. तो फोन मला पाठ आहे.

"ताई, ह्या पट्ट्या मेल्यात वाटतं."

"का हो तात्या?"

"रंगच धरत न्हाईत. रोज बुडीवतो, रोज पांढऱ्याच्या पांढऱ्या."

मी हसले. म्हटलं, "असू दे, तात्या. तसंच पाहिजे. ओके लिहा."

"तसंच पायजे म्हंता?"

"हो हो. ओके."

माणूस मला सांगत होता की त्याला वाटतंय पट्टी खराब आहे. आयुष्यभर ज्याची नळी पिवळी झाली, त्याला कोरी पट्टी म्हणजे बिघाड वाटणार नाही तर काय? मी स्कूटर बाजूला घेऊन बोलत होते, मागून ट्रक हॉर्न देत होता, आणि मी हसले. कंपनीचं जे काय पाप आहे ते मी पुढं मोजणारच आहे. हे माझं.

कंपनीचं पाप असं. खोतांची कोळशाची टाकी पावसाळ्याआधी बदलायची होती. मी दोनदा लेखी कळवलं. 'रूट क्लब करू' असं उत्तर आलं, म्हणजे त्या बाजूच्या आणखी दोन-चार घरांचं काम निघालं की एकदम जाऊ. पट्ट्या संपत आल्याचंही कळवलं. 'नेक्स्ट व्हिजिट.' मग पाऊस लागला, घाटात दरड आली, आणि कुणाचीच व्हिजिट झाली नाही.

त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी शेजारच्या वाडीत जुलाबाचे पेशंट निघाले. ग्रामसेवकानं सांगितलं, डोस वाढवा. नव्या पाणी सोडणाऱ्यानं टाकीत दुप्पट टीसीएल टाकली. त्याचं काही चुकलं नाही. गाव वाचवायचं तर तेच करायचं असतं. फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं की या गावातल्या एका घरात हे पाणी नुसतं पीत नाहीत, रक्ताला लावतात.

मंगळवारी सकाळी पट्ट्या संपलेल्या. बापूंनी माळ्यावरून आपली जुनी ओटीची बाटली काढली. कोळशाच्या टाकीपुढच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. नळी झेंडूसारखी पिवळी झाली. बापू ती नळी घेऊन आत गेले. रूपालीनं मला नंतर सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"बघ सूनबाई, इतक्या दिसात आज पाणी रंगाला आलं!"

"म्हंजे चांगलंच न्हवं, मामा?"

"एक नंबर. ह्येला म्हंतात पाणी."

तक्त्यावर ओकेच्या चौकोनात खूण झाली. रूपाली सुयांची जाणती, पाण्याचा तिला गंध नाही. ते खातं सासऱ्याचं. सव्वाआठला मशीन लागलं. नऊच्या सुमाराला शेवंताक्का म्हणाल्या, पाठीत कळ येतीया. मग म्हणाल्या, छाती भरली. रूपालीनं नळीकडं बघितलं. एरवी रक्त दाट दिसतं, पलीकडचं दिसत नाही. त्या नळीतून पलीकडच्या चादरीची फुलं दिसत होती. "ताई, कोकमाचं सरबत होतं वो नळीत," ती मला म्हणाली.

तिनं पंप थांबवला, नळ्यांना चिमटे लावले, आणि नळीतलं ते फुटलेल्या पेशींचं रक्त परत अंगात सोडलं नाही. कुणी शिकवलेलं नव्हतं, तिनं ओळखलं. या एका गोष्टीनं शेवंताक्का आज जिवंत आहेत. गडहिंग्लज, तिथून कोल्हापूर, रक्ताच्या बाटल्या, नऊ दिवस अतिदक्षता विभाग. मी सहाव्या दिवशी दवाखान्यात गेले, पुढच्या सोमवारी. मला कंपनीनं पाठवलं होतं. हातात दोन पानी इंग्रजी अहवाल. शेवटची ओळ: 'कारण: यूजर एरर.' खाली बापूंच्या सहीची जागा, शेजारी माझ्या.

बापू व्हरांड्यात बाकावर बसलेले. त्यांनी विचारलं, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. यूजर एरर म्हणजे वापरणाऱ्याची चूक.

"खरं हाय की," बापू म्हणाले. "आणा पेन."

"तात्या, सही करू नका."

"का? नळी मी धरली. मीच म्हटलं एक नंबर."

"कोळसा बदलला नाही तो त्यांनी. पट्ट्या दिल्या नाहीत त्यांनी. कागदावर लिहिलं नाही ते त्यांनी. आणि तुम्ही फोन केला तेव्हा हसले ती मी. ते कुठंय ह्या दोन पानांत?"

"ते तुमचं तुम्ही बघा. माझं मला दिसतंय."

त्यांनी माझ्या पिशवीच्या कप्प्यातलं पेन स्वतःच काढून घेतलं. टोपण दातानं उघडलं. मी कागद ओढला, तर म्हातारा सोडेना. मधल्या भेटीच्या वेळेत रूपाली आत गेली आणि तिनं सासूला हा प्रकार सांगितला. बाहेर आली ती निरोप घेऊन.

"मामा, आत्या म्हंत्यात, सही केलीसा तर घरला येऊ नका."

"तिला काय कळतंय?"

"आणि म्हंत्यात, जन्मभर पिवळं चांगलं असतंय म्हणून तुमास्नी सरकारनंच शिकवलं. मग सरकारला पण सही करायला बोलवा म्हणावं. रांग लावा."

बापू पहिल्यांदा रडले ते तेव्हा. पेन त्यांच्या हातातच होतं. मी कागद काढून घेतला, माझ्या सहीच्या जागी मराठीत लिहिलं: 'हा अहवाल खोटा आहे. प्रशिक्षण अपुरं होतं. ते मी दिलं होतं.' आणि सही केली. त्या संध्याकाळी मी ते पान ऑफिसच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझं ओळखपत्र दारात चालेना. बरं झालं. मला राजीनामा लिहायचा कंटाळा होता.

पुढं काय झालं म्हणाल, तर कंपनीनं बापूंच्या सहीविनाच अहवाल पुढं सरकवला. घर 'अपात्र' ठरवलं आणि मशीनची सेवा बंद केली. मशीन पडवीत प्लॅस्टिकखाली उभं आहे. शेवंताक्का पुन्हा एसटीनं गडहिंग्लजला जातात, आठवड्यातून तीन वेळा, आणि येताना त्यांना उभं राहवत नाही. आमची मागणी तीन ओळींची आहे: अहवाल मागं घ्या, टाकी बदला, मशीन चालू करा. कंपनीनं उलट कळवलं की घरातल्या पाण्याची खात्री कोण देणार.

बापू देताहेत. मशीन बंद असूनही ते रोज सकाळी टाकीपुढच्या नळाचं पाणी तपासतात, मी दिलेल्या गोळीनं. क्लोरीन असला तर त्या गोळीनं रंग गुलाबी येतो. वहीत ओके लिहीत नाहीत, आकडा लिहितात. परवा म्हणाले, "ताई, आज गुलाबी झालं."

मी दचकून विचारलं, "मग काय केलंत?"

"पिण्याला चांगलं, रक्ताला विष. दोन्ही लिवलंय. आणि गावच्या टाकीवर जाऊन विचारलं, आज डोस वाढीवला का रं? तर व्हय म्हणाला. मी म्हटलं, मला आधी सांगायला काय झालं? तर म्हंतोय, तात्या, तुमचं मशीन बंद हाय न्हवं? मी म्हटलं, माझं बंद हाय. तालुक्यात दुसरं कुणाचं चालू असंल की!"

असेल. चंदगडात असेल, कागलात आहे, बावड्यात तर तुमच्या गल्लीतही असेल. त्या घरी कुणीतरी टीडीएसचं पेन बुडवून निश्चिंत बसलं असेल, कुणीतरी पिवळ्या नळीकडं बघून खूश होत असेल. कंपनीशी भांडायला आम्ही पुरेसे आहोत. त्यासाठी तुमची दया नको.

तुमच्याकडून हे हवंय. हा अंक खाली ठेवा. तुमच्या गावात, वॉर्डात टाकीत टीसीएल टाकणारा जो माणूस आहे, त्याच्याकडं उद्या सकाळी जा. त्याचं नाव माहीत नसेल तर आधी ते माहीत करून घ्या. इतकी वर्षं त्याचं पाणी पिताय. त्याला विचारा: डोस वाढवायच्या आधी कुणाच्या घरी फोन करायचा, हे तुझ्याकडं लिहिलेलं आहे का? नसेल. मग मशीन असलेली घरं शोधा, नंबर घ्या, मोठ्या अक्षरात लिहा आणि पंपघराच्या दारावर स्वतःच्या हातानं चिकटवा. चिकटवून झाल्यावर त्यातल्या पहिल्या घरी फोन करा आणि विचारा, आज क्लोरीन किती आला. "ओके" असं उत्तर आलं तर फोन ठेवू नका. आकडा मागा.